१८१२ ची रशियन व्यंगचित्रे: नेपोलियनच्या पराभवाचे श्रेय कोणाला दिले आहे?

ताम्ररेखा (धागाकर्ता)

एक रशियन शेतकरी पावा वाजवतो आहे, दुसऱ्याच्या हातात चाबूक आहे, आणि त्या दोघांच्या मध्ये नेपोलियन नाचतो आहे. चित्राखालच्या ओळींचा आशय असा आहे: "आम्हाला तुझ्या सुरावर नाचवणे तुला साधले नाही, तर आता आमच्या पाव्यावर नाच." सेंट पीटर्सबर्गच्या इव्हान तेरेबेन्योव्ह या कलाकाराचे हे चित्र मॉस्कोची मोहीम फसल्यानंतर निघाले आणि पाहता पाहता युरोपभर पोहोचले. १८ मे १८१३ रोजी लंडनमध्ये, हॅना हम्फ्री यांच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील दुकानातून, जॉर्ज क्रुकशँकने काढलेली त्याची नक्कल विकायला आली आणि तीवर ती रशियन चित्रावरून घेतली असल्याचे छापलेले होते. त्या काळात व्यंगचित्रांचे माहेरघर लंडन होते. त्या लंडनने रशियाकडून चित्र उसने घ्यावे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

गेले काही महिने मी या काळातील इंग्रजी आणि रशियन छापचित्रे संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर शेजारी शेजारी ठेवून पाहत आहे. दोन्हीकडे विषय एकच आहे. २४ जून १८१२ रोजी नेपोलियनने नीमेन नदी ओलांडली, ७ सप्टेंबरला बोरोदिनोची लढाई झाली, १४ सप्टेंबरला तो मॉस्कोत शिरला, शहर जळले, १९ ऑक्टोबरला तो परत फिरला, नोव्हेंबरच्या अखेरीस बेरेझिना नदीवर त्याच्या सैन्याची दाणादाण उडाली आणि ५ डिसेंबरला स्मोर्गोन येथून तो सैन्याला मागे टाकून पॅरिसला निघून गेला. घटना एकच असली तरी 'हरवले कोणी?' या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडची चित्रे वेगवेगळे देतात, आणि हा धागा मी त्यासाठीच काढला आहे.

इंग्रजी चित्रांत बहुतेक वेळा थंडी जिंकते. विल्यम एल्म्सने १ डिसेंबर १८१२ रोजी प्रसिद्ध केलेल्या चित्रात 'जनरल फ्रॉस्ट', म्हणजे सेनापती गारठा, हा एक अक्राळविक्राळ प्राणी हातात वस्तरा घेऊन चिमुकल्या बोनापार्टची हजामत करतो आहे. मराठीत हजामत करणे या शब्दाचा जो दुसरा अर्थ आहे, तोही या चित्राला नेमका लागू पडतो. त्याच महिन्यातील क्रुकशँकच्या चित्रात नेपोलियन आणि त्याचे सरदार मानेपर्यंत बर्फात गाडले गेले आहेत. युद्धाची खबर देणाऱ्या पुढच्या सरकारी पत्रकात काय लिहायचे, असे एक जण विचारतो आणि नेपोलियन सांगतो की आपण उबदार हिवाळी छावणीत पोहोचलो आहोत आणि हवा फार छान आहे, असे लिही. गंमत अशी की नेपोलियनचे खरे पत्रक या चित्राच्या फार दूर नव्हते. सैन्याची वाताहत कबूल करणाऱ्या त्याच्या प्रसिद्ध २९ व्या पत्रकाचा शेवट, सम्राटांची प्रकृती यापूर्वी कधीही इतकी उत्तम नव्हती, या वाक्याने झाला होता.

तेरेबेन्योव्हच्या चित्रांत बर्फ नाही असे नाही, परंतु तिथे जिंकतो तो माणूस, आणि बहुतेक वेळा तो शेतकरी असतो. 'रशियन स्केव्होला' या चित्रात फ्रेंचांनी एका शेतकऱ्याच्या हातावर नेपोलियनच्या नावाचे अक्षर डागले आहे आणि तो शेतकरी कुऱ्हाडीने स्वतःचा तो हातच तोडतो आहे. शत्रूसमोर आपला हात आगीत धरणाऱ्या म्यूशियस स्केव्होला या रोमन वीराची कथा त्यामागे आहे. एरवी पुराणातल्या वीरांसाठी राखून ठेवलेली जागा इथे अंगरखा घातलेल्या खेडुताला मिळाली आहे. तेरेबेन्योव्ह मुळात शिल्पकार होता. पीटर्सबर्गच्या नौदल भवनावरील रशियन आरमाराच्या स्थापनेचे भव्य उठावशिल्प त्याचेच आहे. म्हणूनच त्याच्या शेतकऱ्यांचे खांदे आणि पोटऱ्या दगडातून घडवल्यासारख्या दिसतात.

मला सर्वांत आवडलेले चित्र मात्र मेजवानीचे आहे. त्यात नेपोलियनला 'कलुगाच्या पिठाच्या' पिंपात बसवले आहे आणि त्याच्या तोंडात 'व्याझ्माची प्र्यानिक' (मसालेदार मधपोळी) कोंबली जात आहे. आपल्याकडे साताऱ्याचे कंदी पेढे म्हटले की गाव आणि जिन्नस वेगळे काढता येत नाहीत, तशीच ही दोन्ही त्या त्या गावची नावाजलेली मिठाई होती. आता नकाशा डोळ्यांसमोर आणावा. मॉस्को सोडल्यावर नेपोलियनला कलुगाच्या दिशेने, जिथे लूट झालेली नव्हती आणि धान्य मिळण्याची शक्यता होती अशा मुलखात जायचे होते. २४ ऑक्टोबरला मालोयारोस्लावेत्स येथे झालेल्या लढाईनंतर तो मार्ग सोडून त्याला ज्या वाटेने आला होता त्याच ओसाड वाटेने परतावे लागले, आणि ३ नोव्हेंबरला व्याझ्मापाशी त्याच्या पिछाडीला जबर मार बसला. म्हणजे पराभवाचा सगळा रस्ताच त्या कलाकाराने खाण्याच्या पदार्थांत मांडला आहे, आणि तो समजायला तिथल्या बाजारातल्या कोणालाही नकाशा लागला नसेल.

तेव्हा माझे म्हणणे असे की या दोन परंपरांपैकी रशियन चित्रे सत्याच्या अधिक जवळ आहेत. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ मध्ये काढलेल्या सुप्रसिद्ध आलेखात नीमेन ओलांडणारे ४,२२,००० आणि मॉस्कोला पोहोचणारे १,००,००० दाखवले आहेत. वाटेत तुकड्या ठेवाव्या लागल्या, काही बाजूला पाठवल्या गेल्या, हे धरूनही, उन्हाळ्यातला उकाडा, हगवण, ज्वर, घोड्यांची उपासमार आणि पळून गेलेले सैनिक यांनीच सैन्य पोखरले होते, आणि तेव्हा बर्फाचा एक कणही पडलेला नव्हता. मंडळींची मते वाचायला आवडतील.


पाऊलवाट

लेख अतिशय आवडला, परंतु ही चित्रे पाहताना मला मोकळेपणाने हसता येत नाही. २००१ मध्ये लिथुआनियात व्हिल्नियस येथे बांधकामासाठी खोदताना एक मोठी सामूहिक दफनभूमी उघडी पडली आणि तिच्यात याच सैन्यातील तीन हजारांहून अधिक माणसांचे सांगाडे सापडले. पुढे त्या अवशेषांच्या तपासणीत उवांतून पसरणाऱ्या रोगांचे जंतू आढळले. त्यांतील पुष्कळ जण कोवळ्या वयाचे होते. शिवाय या सैन्यात साधारण निम्मेच फ्रेंच होते. उरलेले पोलिश, जर्मन, इटालियन आणि इतर मुलखांतून आणलेले होते, आणि त्यांतील अनेकांना ही मोहीम कशासाठी चालली आहे हे सांगण्याची तसदीही कोणी घेतली नसेल.

'फ्रेंच कावळ्याचे सूप' या चित्रात उपाशी सैनिक एका कावळ्यावर तुटून पडले आहेत. आपल्याकडे कावळा पिंडाला शिवतो. मेलेल्याच्या वतीने जो घास घ्यायला येतो, त्यालाच भांड्यात शिजवण्याची वेळ आलेली माणसे पाहून माझ्या अंगावर काटा आला. रशियनांना तसे वाटले नसणार हे मी समजू शकतो, कारण त्यांचे गाव जळालेले होते. तरीही शत्रूच्या राजाला हसणे आणि शत्रूच्या उपाशी शिपायाला हसणे यांत फरक केला पाहिजे, असे मला वाटते.


ताम्ररेखा (धागाकर्ता)

पाऊलवाट, आपली हरकत रास्त आहे आणि ती मी टाळणार नाही. फक्त त्या चित्राखालच्या ओळी लक्षात घ्याव्यात. त्या ओळी कलाकाराने सैनिकांच्याच तोंडी घातल्या आहेत: आमच्या या थोर नेपोलियनपायी आमचे हाल झाले, तो आम्हाला हाडांचे पाणी पाजतो, मॉस्कोत मेजवानी झोडायची म्हणून आमच्या तोंडाला पाणी सुटले होते, ते जमले नाही, निदान कावळ्याचे सूप तरी पिऊ. तक्रार सैनिकाची आहे आणि ती सेनापतीविरुद्ध आहे.

त्या कावळ्याला आणखी एक संदर्भ आहे. इव्हान क्रिलोव्हच्या १८१२ मधील एका बोधकथेत मॉस्को सोडून निघालेली कोंबडी कावळ्याला सोबत यायला सांगते, तेव्हा कावळा म्हणतो की मला कोणी खात नाही, उलट नवे पाहुणे आले की माझीच चंगळ होईल; आणि शेवटी उपाशी पाहुणे त्यालाच शिजवतात. पीटर्सबर्गच्या वाचकाला चित्र पाहताच ती कथा आठवली असेल. तरीही आपला मुद्दा पूर्ण खोडता येत नाही, हे मान्य करतो. अलेक्सेय वेनेत्सियानोव्हच्या एका चित्रात स्मोलेन्स्क प्रांतातील वासिलिसा या गावप्रमुखाच्या बायकोच्या ताब्यात सापडलेल्या फ्रेंचांना सरळ 'भुकेले उंदीर' म्हटले आहे, आणि तिथे सैनिकाबद्दल कणभरही दया नाही.


उलटीअक्षरे

मी स्वतः छापचित्रकार आहे, त्यामुळे थोडे हाताच्या कामाविषयी लिहितो. ही चित्रे तांब्याच्या पत्र्यावर एचिंग पद्धतीने केलेली आहेत. पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने तो थर खरवडून रेघ काढायची, मग पत्रा आम्लात सोडायचा. जिथे सुई फिरली तिथेच आम्ल तांबे खाते. त्यानंतर थर काढून शाई चोपडायची आणि कापडाने पत्रा असा पुसायचा की वरची शाई निघावी पण खाचेतली राहावी. शेवटचा हात तळव्याने फिरवतात आणि तोच खरा कसबाचा असतो. ओलसर कागद ठेवून वर नमदा टाकून पत्रा दाबयंत्रातून काढला की रेघ कागदावर किंचित उठून येते. बोट फिरवले तर जाणवते.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. चित्र छापताना आरशासारखे उलटते, म्हणून खालच्या सगळ्या ओळी कलाकाराला पत्र्यावर उलट्या लिहाव्या लागतात. तेरेबेन्योव्हच्या चित्रांखाली दोन-दोन, चार-चार ओळींचे पद्य असते. एवढे उलटे लिहिणे म्हणजे चित्राइतकेच श्रम. दुसरे म्हणजे एचिंग फार लवकर होते. तांब्यात थेट कोरण्याच्या पद्धतीला जे आठवडे लागतात ते काम इथे काही दिवसांत उरकते, म्हणूनच ताज्या बातमीवर चित्र काढणे शक्य झाले. रंग मात्र प्रत्येक प्रतीवर हाताने, जलरंगात भरलेला असतो, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत शेतकऱ्याचा अंगरखा दोन रंगांचा दिसला तर बुचकळ्यात पडू नये.

शिल्पकाराबद्दल आपण जे लिहिले ते अगदी पटले. ज्याला उठावशिल्पाची सवय आहे, तो माणसाची बाह्यरेषा एका दमात आणि बंद काढतो. रशियन चित्रांत पार्श्वभूमी मोकळी आणि आकृत्या मोठ्या असतात. इंग्रजी चित्रांत कोपऱ्या-कोपऱ्यात काहीतरी चाललेले असते आणि तोंडातून निघणाऱ्या फुग्यांत मजकूर ठासून भरलेला असतो. दहा पावलांवरून भिंतीवर पाहायचे असेल तर मी रशियन चित्र निवडीन.


कृष्णाकाठ

हवामानाला श्रेय देण्याचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो, कारण याचा एक धागा थेट आपल्या इतिहासात येतो. १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपू सुलतानावर चालून गेला आणि श्रीरंगपट्टणच्या जवळ पोहोचला. परंतु बैल मेले, दाणागोटा संपला, पाऊस सुरू झाला, आणि मे महिन्याच्या अखेरीस त्याला आपल्या वेढ्याच्या जड तोफा स्वतःच निकामी करून परत फिरावे लागले. त्याच परतीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याला येऊन मिळाल्या. इंग्रजांची छावणी उपासमारीला टेकली होती आणि मराठ्यांच्या लष्करी बाजारात धान्य होते. भाव चढे लागले असले तरी इंग्रजांचे सैन्य जगले ते त्या बाजारावर. आमच्या मिरज-तासगाव भागात पटवर्धनांचे नाव आजही घरोघरी निघते, पण हा प्रसंग फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्या माघारीवर जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराने ६ डिसेंबर १७९१ रोजी चित्र काढले. त्याचे नावच 'मॉन्सूनचे आगमन, अर्थात श्रीरंगपट्टणहून माघार' असे आहे. कॉर्नवॉलिस गाढवावर बसून पळतो आहे आणि तटावर उभा असलेला टिपू वरून त्याच्यावर लघवी करतो आहे. चित्रातला 'पाऊस' म्हणजे ती लघवीच. पावसामुळे परतावे लागले या खुलाशाचीच गिलरेने ही खिल्ली उडवली आहे. स्वतःच्या देशाचा सेनापती हरला असताना, 'हवामानाने घात केला' या सबबीवर त्याने विश्वास ठेवला नाही. पुढे एकवीस वर्षांनी त्याच लंडनमध्ये एल्म्सने नेपोलियनच्या पराभवाचे श्रेय गारठ्याला दिले. गिलरेची तोपर्यंत बुद्धी ढळलेली होती आणि १८१५ मध्ये तो वारला, नाहीतर त्याने १८१२ वर काय काढले असते हा विचार मनात येतोच. मराठी फौजा आणि तो बाजार त्या चित्राच्या विषयात कुठेच नाहीत, याचे मात्र मला वाईट वाटते, कारण ज्यांच्या धान्यावर ते सैन्य परत आले त्यांना लंडनमध्ये कोणी ओळखतच नव्हते.


ताम्ररेखा (धागाकर्ता)

कृष्णाकाठ, आपल्या या प्रतिसादाने माझ्या म्हणण्याला मला न सुचलेला आधार दिला, त्याबद्दल मनापासून आभार. गिलरेचे ते चित्र मी पाहिले होते, पण त्याच्या नावातली पावसाची मेख आज उलगडली.

थंडीच्या श्रेयावरून रशियनांनाही चीड होतीच. १८१२ मध्ये छापामार पथकांचे नेतृत्व केलेला देनिस दाविदोव्ह हा कवी आणि सेनाधिकारी होता. १८१२ मध्ये फ्रेंच सैन्याचा नाश थंडीने केला काय, या प्रश्नालाच मथळा करून त्याने १८३५ मध्ये लेख लिहिला. ज्यांनी ते युद्ध अंगावर घेतले त्यांना वीस वर्षांनंतरही हे समजावून सांगावे लागत होते, यावरून 'जनरल फ्रॉस्ट' किती घट्ट रुजला होता हे कळते. मिनारच्या आलेखातही तापमानाची रेषा फक्त परतीच्या वाटेखाली काढलेली आहे, त्यामुळे पाहणाऱ्याचा डोळा नकळत थंडीकडेच जातो.


दस्तऐवज

धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत आहे, पण एका ठिकाणी थांबावेसे वाटते. ही चित्रे शेतकऱ्याला श्रेय देतात हे खरे. ती शेतकऱ्याने काढलेली नव्हती. रशियात 'लुबोक' नावाची स्वस्त लोकचित्रांची जुनी परंपरा होती. उंदीर मांजराची प्रेतयात्रा काढतात हे अठराव्या शतकात घरोघरी लागलेले चित्र त्याच परंपरेतले. मॉस्कोचा गव्हर्नर रोस्तोपचिन यानेही १८१२ मध्ये लोकभाषेत लिहिलेली पत्रके भिंतींवर लावली. तेरेबेन्योव्ह, वेनेत्सियानोव्ह, इव्हानोव्ह यांनी त्या लोकचित्रांची बोली उचलली, पण ते शिकलेले, शहरी कलाकार होते आणि त्यांची चित्रे पीटर्सबर्गमध्ये ऑक्टोबर १८१२ मध्ये सुरू झालेल्या 'सिन ओतेचेस्त्वा' या नियतकालिकाच्या वाचकांपर्यंत पोहोचत होती.

आणि वेनेत्सियानोव्हचीच गोष्ट पाहा. युद्धाच्या काही वर्षे आधी त्याने व्यंगचित्रांचे एक नियतकालिक काढले होते. त्यातील एका चित्रात बाहेर अर्जदार ताटकळत उभे आहेत आणि उमराव आत झोपला आहे. झारच्या हुकमाने ते नियतकालिक बंद झाले. त्याच कलाकाराने १८१२ नंतर फ्रेंचांची थट्टा केली तेव्हा कोणाचीच हरकत नव्हती. १८१४ च्या ३० ऑगस्टच्या जाहीरनाम्यात झार अलेक्झांडरने सरदारांचे, सैनिकांचे, व्यापाऱ्यांचे आभार मानले आणि शेतकऱ्यांसाठी एवढीच ओळ लिहिली: आमची निष्ठावान प्रजा असलेल्या शेतकऱ्यांना त्यांचे पारितोषिक देवाकडून मिळो. भूदासांची, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांची, सुटका व्हायला १८६१ साल उजाडावे लागले. स्वतःचा डागलेला हात तोडणारा तो चित्रातला शेतकरी प्रत्यक्षात कोणातरी जमीनदाराच्या मालकीचा होता, आणि ते सांगणारे चित्र काढायची मुभा कोणालाही नव्हती.


पाऊलवाट

दस्तऐवज, त्या जाहीरनाम्यातील ओळ वाचून बराच वेळ काही सुचले नाही. धागाकर्त्यांना एकच विचारतो: ही चित्रे नंतर कुठे गेली? लोक ती फेकून देत असत की जपून ठेवत?


ताम्ररेखा (धागाकर्ता)

दस्तऐवज, आपली दुरुस्ती मी स्वीकारतो. चित्राने शेतकऱ्याला जे दिले ते राज्याने दिले नाही, आणि मी ते लेखात लिहायला हवे होते. तरी मला असेही वाटते की, कारण काहीही असो, भूदासाला वीराच्या जागी उभे केलेले चित्र एकदा छापून हजारो डोळ्यांपुढे गेले की ते परत घेता येत नाही. वेनेत्सियानोव्ह पुढे व्यंगचित्रे सोडून तैलचित्रांकडे वळला आणि आयुष्यभर नांगरणारी, कापणी करणारी, लेकराला जवळ घेतलेली खेडूत माणसे रंगवत राहिला.

पाऊलवाट, लोकांनी ती जपली. चिनीमातीच्या आणि काचेच्या भांड्यांवर ही चित्रे उतरली. तेरेबेन्योव्हने तर १८१४ मध्ये त्यांतूनच मुलांसाठी एक मुळाक्षरांचा संच केला, 'मुलांना १८१२ च्या आठवणीची भेट' अशा नावाचा. त्यात चौतीस कार्डे आहेत, प्रत्येकावर एक अक्षर, एक चित्र आणि दोन ओळींचे पद्य. पुढच्याच वर्षी, वयाच्या पस्तिशीच्या आतच, तो वारला. पहिल्याच कार्डावर एका म्हाताऱ्याला फ्रेंच सैनिक काहीतरी विचारत आहेत, आणि म्हातारा म्हणतो: "काय म्हणता? मी खरोखरच बहिरा आहे, साहेब, या म्हाताऱ्याला कशाला छळता? काही हवे असेल तर त्या कोसॅक घोडेस्वाराला विचारा."